तोफेला डोळे नसतात

मागच्या अंकात याच पानावर मी नाशिकजवळच्या देवळालीच्या फायरिंग रेंजबद्दल, म्हणजे तोफांच्या सरावाच्या रानाबद्दल, लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : 'तोफेला डोळे नसतात, आपण सांगू तिथे ती मारते.' बहुतेक पत्रं त्या वाक्यावरच आली आहेत. सांगतं कोण, कशावरून सांगतं आणि चुकलं तर काय, असं वाचकांनी विचारलं आहे. मी तोफखान्यात २४ वर्षं काढली. त्यातली बरीचशी तोफेजवळ गेली नाहीत, तोफेच्या मागे गेली : थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र खांद्यावर घेऊन टेकड्या चढण्यात आणि कमांड पोस्टच्या तंबूत आकडे मांडण्यात. त्यामुळे माझी उत्तरं त्या बाजूने येतील.

आम्ही लहवितजवळ राहतो. रेंजवर फायरिंग सुरू झालं की मांडणीवरची भांडी थरथरतात. सासूबाई म्हणतात, सवय होईल. पण घरात दोन लहान मुलं आहेत. एखादा गोळा भरकटून आमच्याकडे येणार नाही कशावरून?
— एक गृहिणी, लहवित परिसर

ताई, आधी भांड्यांचं सांगतो. भांडी थरथरतात ती तोफेच्या तोंडाशी उठलेल्या दाबाच्या लाटेमुळे. गोळा कुठल्या दिशेने निघालाय याचा त्या थरथरीशी काही संबंध नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. तेव्हा वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो आणि लांबवर पोचतो. अशा सकाळी तोफ घराच्या मागेच आणून ठेवल्यासारखी वाटते. ती होती तिथेच असते.

आता भरकटण्याचं. लहानपणी आपण दगडाने कैऱ्या पाडायचो ते आठवा. एका पोराचे सगळे दगड एकाच जागी जायचे, पण कैरीच्या हातभर डावीकडे. दुसऱ्याचे दगड कैरीच्या चहूबाजूंनी, कुठेही. पहिल्याला 'जरा उजवीकडे मार' एवढं सांगितलं की कैरी खाली. दुसऱ्याला काय सांगणार? तोफेच्या चुकाही अशाच दोन जातींच्या असतात. सगळे गोळे मिळून एका बाजूला जात असतील तर ती चूक शोधता येते आणि काढता येते. दुसरी चूक म्हणजे पसारा. तीच तोफ, तीच दिशा, नळीचा तोच चढ, तोच चार्ज (गोळा ढकलणारी दारू), तरी दहा गोळे एका खड्ड्यात पडत नाहीत. दारूचं जळणं, गोळ्याचं वजन, नळीत तो किती घट्ट बसला, यात केसाएवढा फरक राहतोच.

पण हा पसारा बेभान नसतो. तो काकडीसारखा लांबुळका असतो : माऱ्याच्या रेषेत लांब, आडवा मात्र अरुंद. त्याचं माप प्रत्येक तोफेच्या रेंज टेबलात, म्हणजे किती चढाला गोळा किती लांब जातो त्या कोष्टकात, छापलेलं असतं. मधल्या एका ठरावीक पट्ट्यात निम्मे गोळे पडतात, आणि त्या पट्ट्याच्या चौपट लांबीत जवळजवळ सगळे. त्यामुळे रेंजची सुरक्षित हद्द आखताना 'बहुधा इतकं जाईल' असं कोणी म्हणत नाही. पसारा, वारा आणि फुटल्यावर उडणारे तुकडे हे सगळं धरून त्याबाहेर आणखी जागा सोडलेली असते. प्रत्येक राउंडआधी, म्हणजे प्रत्येक गोळा सोडण्याआधी, दिशा आणि चढ दुसरा माणूस स्वतंत्रपणे तपासतो. कोणालाही शंका आली की एकच शब्द, 'स्टॉप', आणि तो शब्द उच्चारणाऱ्याचा हुद्दा कोणी विचारत नाही. तोफखान्याचं स्कूल १९२३ साली आताच्या पाकिस्तानातल्या काकूलला सुरू झालं आणि १९४१ साली देवळालीला आलं. गोळा सोडण्याआधीची ही शिस्त इथे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगी मुरवली जाते.

मात्र तुमच्या मुलांना एक धोका आहे, तो वेगळाच. गोळा पडतो पण कधीकधी फुटत नाही. तो मातीत अर्धा रुतून राहतो, पावसाळ्यात उघडा पडतो, आणि पितळेच्या किंवा लोखंडाच्या मोहाने कोणीतरी तो उचलतं. रेंजच्या कडेच्या गावांत माणसं अशी गेली आहेत, देशभर गेली आहेत. गुरं आत जाऊ देऊ नका. बहुला किल्ला रेंजच्या हद्दीत आहे, परवानगीशिवाय तिकडे ट्रेकला जाणाऱ्या पोरांनाही अडवा. आणि मुलांना घरातल्या विस्तवाबद्दल जसं सांगता तसं सांगा : शेतात, ओढ्यात लोखंडाचं काहीही अनोळखी दिसलं तर हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही, मोठ्यांना आणि पोलिसांना कळवायचं. हे मी हात जोडून सांगतोय.

आम्ही येवल्याचे, पतंग म्हणजे जीव की प्राण. खाली वारा नसताना वर पतंग ताणून धरतो हे आम्हाला ठाऊक आहे. तोफेचा गोळा तर केवढा जड, त्याला वाऱ्याचं काय?
— एक पतंगबाज, येवला

दादा, तुम्ही अर्धं उत्तर पत्रातच लिहिलंय. बोफोर्स तोफेच्या १५५ मिलिमीटरच्या गोळ्याचं वजन ४० किलोच्या वर. नळीतून निघताना त्याचा वेग आवाजाच्या दुपटीहून जास्त. असल्या धुडाला वारा काय करणार, असं वाटणं साहजिक आहे. पण वीस-बावीस किलोमीटर जायचं तर तो मिनिटभर हवेत असतो आणि वाटेत कित्येक किलोमीटर उंच चढतो. त्या मिनिटभरात तो एका वाऱ्यातून जात नाही, एकावर एक रचलेल्या अनेक वाऱ्यांतून जातो. संक्रांतीला गच्चीवर उभं राहून तुम्ही पाहिलं असेल, की हाताशी वारा पश्चिमेचा असतो आणि दोनशे हात वर पतंग भलतीकडेच वळतो. गोळ्याच्या वाटेत हे पुन्हा पुन्हा होतं.

म्हणून तोफखान्यात वारा मोजणारं वेगळं पथक असतं. ते फुगा सोडतात. त्याला टांगलेलं छोटं यंत्र तापमान, दाब आणि दमटपणा खाली कळवत राहतं, आणि फुगा कुठे वाहत गेला त्यावरून थराथराचा वारा काढतात. या सगळ्याचं मिळून एक कोष्टक बनतं, त्याला आम्ही 'मेट' म्हणतो. मेट ताजा हवा. सकाळी सातचा मेट दुपारी वापरला की गोळे हळूहळू सरकायला लागतात. नाशिकला मार्च-एप्रिलमध्ये तर फार, कारण इथली सकाळ आणि दुपार हे जणू दोन वेगळे मुलूख असतात.

खरं सांगायचं तर वाऱ्यापेक्षा मला हवेच्या घनतेने जास्त छळलं. हवा विरळ झाली की गोळ्याला अडवणारं कमी आणि तो पुढे जाऊन पडतो. हवा तापली की विरळ होते, उंचावरही विरळ असते. त्यात दारूचं तापमान येतं. उन्हात ठेवलेला चार्ज जोरात जळतो, थंडीत ठेवलेला मंद. सुरुवातीचा वेग सेकंदाला एक मीटरने जरी बदलला तरी लांबच्या माऱ्यात गोळा वीस-पंचवीस मीटर पुढेमागे होतो. म्हणून चार्ज सावलीत, झाकून, सगळे एकसारखे ठेवायचे आणि त्यांत थर्मामीटर खोचून ठेवायचा. नव्याने आलेला जवान विचारायचा, 'तोफेला थर्मामीटर कशाला?' त्याला मी उत्तर द्यायचो नाही. एक चार्ज उन्हात आणि एक सावलीत ठेवायला लावायचो आणि दोन्ही राउंड कुठे पडले ते ओपीकडून, म्हणजे पुढे बसून मारा बघणाऱ्याकडून, ऐकवायचो. पुन्हा कधी त्याने विचारलं नाही.

नळीही झिजते. तिने आयुष्यात किती राउंड सोडले त्याचं पुस्तक असतं, गुराच्या दाव्यासारखं ते तोफेला बांधलेलं. एकाच बॅटरीतल्या, म्हणजे तुकडीतल्या, सहा तोफांचा वेग सहा तऱ्हांचा असतो, आणि प्रत्येकीला तिची स्वतःची दुरुस्ती द्यावी लागते.

कारगिलला अडीच लाखांवर गोळे टाकले असं वाचलं. नेम इतका चांगला होता तर एवढे का लागले?
— निवृत्त एसटी चालक, सिन्नर

प्रश्न टोकदार आहे आणि त्याचं उत्तर मी नीट द्यायला हवं, कारण 'गोळे वाया घालवले' असं म्हणणारे मला भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं.

तुम्ही घाटात गाडी चालवलीत. कसारा घाटात वळणावर फूटभर बाहेर गेलं तर काय होतं हे तुम्हाला सांगायला नको, आणि सिन्नरच्या सपाट रस्त्यावर फूटभराने काहीच होत नाही. द्रास-कारगिलच्या धारा त्या घाटासारख्या आहेत. टायगर हिलचा माथा सुमारे ५००० मीटर उंच आणि वरची धार अरुंद. सपाट रानात गोळा पन्नास मीटर पुढे पडला तर लक्ष्यापासून पन्नास मीटरवर पडतो. धारेवर तोच गोळा माथ्यावरून पलीकडे जातो आणि दरीत कितीतरी खाली जाऊन फुटतो. पन्नास मीटर आखूड पडला तर अलीकडच्या कड्यावर आपटतो. मघाशी काकडीसारखा पसारा म्हटलं तो आठवा. ती काकडी धारेवर आडवी ठेवली तर तिचा किती भाग धारेवर टेकेल?

त्यात हवा विरळ. आमची रेंज टेबलं ज्या हवेसाठी बनली होती तिच्यापेक्षा तिथली हवा फार वेगळी. गोळे नेहमीपेक्षा पुढे जात होते आणि दुरुस्त्या तिथेच मारा करून, बघून शिकाव्या लागल्या. शत्रूचे संगर म्हणजे दगड रचून केलेले मोर्चे, दोन-चार माणसांचे. ते धारेच्या पलीकडच्या उतारावर असतील तर सपाट मार्गाने जाणारा गोळा तिथे पोचतच नाही, तो उंच फेकून वरून पाडावा लागतो. काही ठिकाणी बोफोर्स पुढे आणून सरळ डोळ्यांनी बघून मारा केला. लक्ष्य समोर दिसत असल्यामुळे तिथे नेम फार धारदार झाला.

आणि प्रत्येक गोळा माणूस किंवा मोर्चा उडवण्यासाठी नसतो. आपलं पायदळ रात्री कडा चढत असताना वरच्याने डोकं बाहेर काढू नये म्हणून मारा चालू ठेवावा लागतो. तो तासन्‌तास चालतो. त्या माऱ्याखाली चढलेल्या माणसाला विचारा, एक तरी गोळा वाया गेला का.

जीपीएस आल्यावर जागा-दिशा मोजण्याचा सर्व्हे, मेट, पसारा या सगळ्याची गरज उरली का? गोळ्यातच जीपीएस बसवलं की झालं ना?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

बसवतात ना. अमेरिकेचा एक्सकॅलिबर हा १५५ मिलिमीटरचा गोळा २००७ साली इराकमध्ये पहिल्यांदा लढाईत वापरला गेला आणि २०१९ साली आपल्या लष्करानेही तो घेतला. त्याच्या नाकाजवळ छोटे पंख असतात. नळीतून निघाल्यावर ते उघडतात, आणि आपण कुठे आहोत व कुठे जायचंय यातला फरक बघत तो वळत जातो. वीस-तीस किलोमीटरवर तो काही मीटरच्या आत पडतो. साध्या गोळ्याच्या टोकावरचा, गोळा फोडणारा फ्यूज काढून तिथे पंखवाला फ्यूज बसवायची दुसरी, स्वस्त तऱ्हाही आहे. तिने एक्सकॅलिबरइतकी अचूकता मिळत नाही, पण पसारा पन्नास मीटरच्या आसपास आणता येतो.

तू इंजिनिअर होणार आहेस म्हणून एक गोष्ट सांगतो. नळीतून सुटताना गोळ्यावर गुरुत्वाच्या दहा-पंधरा हजार पट जोर येतो. तुझ्या खिशातला पावशेराचा मोबाईल त्या क्षणी अडीच ते पावणेचार हजार किलोचा होईल. या दणक्यातून सर्किट, बॅटरी आणि अँटेना शाबूत बाहेर काढणं हे या विषयातलं सर्वांत अवघड काम. मार्ग बदलण्याचं गणित त्यामानाने जुनं आहे.

पण तुझा खरा प्रश्न 'गरज उरली का' हा आहे, आणि त्याचं उत्तर मला स्वतःच्या चुकीने शिकवलं.

नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. एका सरावात तोफांना दिशा देण्याचं काम माझ्याकडे होतं. आम्ही कोन अंशांत मोजत नाही, मिलमध्ये मोजतो. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल, म्हणजे एक मिल चुकला की किलोमीटरवर मीटरभर चूक. घाईत मी होकायंत्राने उत्तर दिशा घेतली आणि तीच पुढे दिली. पहिला राउंड आठ किलोमीटरवर दीडशे मीटरहून जास्त उजवीकडे पडला. मी पुन्हा मोजलं, तेच आलं. तिसऱ्यांदा मोजलं, तेच. माझी खात्रीच झाली की तोफेत दोष आहे. आमचे उस्ताद आले, माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघितलं आणि म्हणाले, 'गाडी किती लांब आहे?' गाडी माझ्यापासून दहा-बारा पावलांवर उभी होती. तिच्या लोखंडाने सुई वीस मिल ओढली होती. वीस मिल गुणिले आठ किलोमीटर, एकशे साठ मीटर. मी तीनदा मोजलं होतं, तिन्ही वेळा अगदी एकसारखं आणि तिन्ही वेळा चूक.

जीपीएसच्या गोळ्याचंही असंच आहे, बाळा. तो दिलेल्या आकड्यावर जातो. तो आकडा खरा की खोटा हे त्याला कळत नाही. ५ डिसेंबर २००१ ला अफगाणिस्तानात कंदाहारच्या उत्तरेला काय झालं ते बघ. बॉम्बसाठी लक्ष्याचं ठिकाण कळवणाऱ्या अमेरिकन सैनिकाच्या हातातल्या जीपीएस यंत्राची बॅटरी संपली. त्याने बदलली. यंत्र पुन्हा चालू झालं तेव्हा त्याच्या पडद्यावर लक्ष्याचं नव्हे, तो स्वतः उभा होता त्या जागेचं ठिकाण होतं. तेच वर विमानाला कळवलं गेलं. नऊशे किलोचा बॉम्ब बरोब्बर तिथे पडला. तीन अमेरिकन सैनिक आणि त्यांचे अफगाण साथीदार मारले गेले, पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई किरकोळ जखमी झाले. बॉम्बने काहीच चूक केली नव्हती. त्याआधी ७ मे १९९९ ला बेलग्रेडमध्ये चीनच्या वकिलातीवर बॉम्ब पडले, तेही नेमके. इमारत कुठली हेच आधी चुकलं होतं. तिथे तीन चिनी पत्रकार गेले.

शिवाय जीपीएसचा संदेश वीस हजार किलोमीटरवरून येतो आणि फार क्षीण असतो. जमिनीवरून तो दाबून टाकता येतो. युक्रेनच्या युद्धात अशा जॅमिंगमुळे एक्सकॅलिबरची अचूकता घसरल्याच्या बातम्या २०२४ साली सगळ्यांनी वाचल्या. म्हणून आत वळण मोजणारा गायरो आणि वेगातला बदल मोजणारा त्वरणमापक ठेवतात. त्यांना बाहेरचं काहीच बघावं लागत नाही. डोळे बांधून पावलं मोजत रविवार कारंजावरून रामकुंडावर जाण्यासारखं ते आहे. पहिली शंभर पावलं बरोबर पडतात. पुढे प्रत्येक पावलाची बारीक चूक साठत जाते, आणि त्वरणमापकाच्या बाबतीत ती वेळेच्या वर्गाने वाढते. दुप्पट वेळ, चौपट चूक. तिसरा मार्ग लेझरचा. अमेरिकेचा कॉपरहेड आणि रशियाचा क्रास्नोपोल हे गोळे लक्ष्यावर पडलेल्या लेझरच्या ठिपक्याकडे जातात. पण तो ठिपका धरून बसणारा माणूस किंवा ड्रोन तिथे हवा, आणि मध्ये ढग किंवा धूळ नको.

आणि मार्गदर्शित गोळ्यालाही साधारण बरोबर दिशेने सोडावंच लागतं. त्याचे पंख छोटे आहेत, ते मोठी चूक भरून काढत नाहीत. साधा गोळा त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, त्यामुळे पुढची अनेक वर्षं बहुतेक गोळे साधेच असणार. सर्व्हे शीक.

पृथ्वी फिरते म्हणून गोळ्याचा नेम चुकतो हे खरं का?
— इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, नाशिक रोड

खरं आहे. गोळा हवेत असताना खालची पृथ्वी फिरत राहते. आपल्या उत्तर गोलार्धात तो त्यामुळे साधारणपणे उजवीकडे सरकलेला दिसतो. नाशिक सुमारे २० अंश अक्षांशावर आहे. इथून मिनिटभर उडणाऱ्या गोळ्यासाठी हा फरक दहा-बारा मीटरपासून पन्नास-साठ मीटरपर्यंत येतो, मारा उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे त्यावर. पूर्व-पश्चिम मारा असेल तर पल्लाही थोडा बदलतो. त्याशिवाय गोळा स्वतःभोवती भिंगरीसारखा फिरत जातो आणि त्या फिरण्यामुळेही एका बाजूला ओढला जातो. नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, उजवे असतील तर उजवीकडे. लांबच्या माऱ्यात ही ओढ पृथ्वीच्या फरकापेक्षा बरीच मोठी असते.

पहिल्या महायुद्धात, मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर एका अजस्र तोफेने मारा केला. तिचा गोळा तीन मिनिटं हवेत असायचा आणि ४० किलोमीटर उंच जायचा. त्यांना पृथ्वीचं फिरणं हिशेबात धरावंच लागलं. दर गोळ्याने नळी इतकी झिजायची की गोळ्यांना क्रमांक दिले होते, पुढचा प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड. इतकं करूनही ती तोफ 'पॅरिस शहर' एवढंच लक्ष्य धरू शकत होती. गुड फ्रायडेला तिचा एक गोळा प्रार्थना चालू असलेल्या चर्चवर पडला आणि दीडशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. अचूकता नसताना पल्ला वाढवला की मरतात ती अशी माणसं.

टिपू सुलतानाचे अग्निबाण आणि आजचं पिनाक यांत फरक फक्त पल्ल्याचा का?
— इतिहासाचे प्राध्यापक, नाशिक

नाही सर, फरक नेमाचा जास्त आहे. म्हैसूरच्या अग्निबाणांना लोखंडी नळी होती, त्यामुळे आतली दारू जास्त दाबाने जळायची आणि बाण दीड-दोन किलोमीटर जायचा. दिशेसाठी मागे बांधलेला बांबू. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांचे दारूगोळ्याचे गाडे उडाले ते याच बाणांनी, असं मानलं जातं. पण एक बाण कुठे जाईल हे सोडणाऱ्यालाही ठाऊक नसायचं, म्हणून ते झुंडीने सोडत.

याचं कारण रॉकेटच्या स्वभावात आहे. गोळ्याला सगळा वेग नळीतच मिळतो. रॉकेट बाहेर पडतं तेव्हा संथ असतं आणि नंतर जळत जळत वेग घेतं. त्या पहिल्या क्षणांत आडवा वारा त्याच्या शेपटीला ढकलतो, तोंड वाऱ्याकडे वळतं आणि इंजिन त्याला तिकडेच रेटतं. म्हणजे जळणारं रॉकेट वाऱ्याबरोबर न जाता वाऱ्याच्या विरुद्ध जातं. शिकताना मला हे दोन दिवस पटलं नव्हतं.

पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने घडवलेलं पिनाक ४४ सेकंदांत १२ रॉकेट सोडतं. पहिल्या पिढीचा पल्ला साधारण ३८ किलोमीटर, आणि तीही झुंडीने मोठं क्षेत्र झोडपण्यासाठीच. मार्गदर्शित पिनाकच्या पुढच्या भागात वळणारे पंख आणि दिशादर्शक यंत्रणा आली, पल्ला ७५ किलोमीटरपर्यंत गेला आणि पसारा कमी झाला. झुंडीचं हत्यार एकेकट्या लक्ष्यावर वापरता येऊ लागलं, हा माझ्या मते त्यातला मोठा बदल.

ओझरला ब्रह्मोस बनतं का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

नाही. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात सुखोई विमानावर ब्रह्मोस बसवण्यासाठी विमानात बदल केले गेले, आणि २५ जून २०१६ ला ब्रह्मोस पोटाशी घेऊन सुखोईने पहिलं उड्डाण नाशिकहून केलं. क्षेपणास्त्र तिथे बनत नाही.

माझा मुलगा तोफखान्यात भरती झाला, नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये आहे. टेक्निकल ट्रेड मिळालाय. गणितात तो बेताचाच. निभेल का? तुम्ही काही सांगाल का त्याला?
— एक आई, चांदवड तालुका

माउली, निभेल. गणिताची फार भीती घालू नका. एक गोष्ट त्याला सांगा, त्याला आवडेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफांची रेंज टेबलं हाताने काढायचं काम मुख्यतः तरुण मुली करत. एका गोळ्याच्या वाटेचं गणित यंत्राच्या मदतीनेही सुमारे २० तास खायचं. ते लवकर व्हावं म्हणून एनिॲक हा संगणक बांधला, त्याने ते ३० सेकंदांत केलं. आज त्याच्या हातात येईल ते यंत्र त्याहून कैक पटींनी वेगवान असेल. गणित यंत्र करतं. यंत्राला आकडा कोणता दिला, हे काम त्याचं राहणार आहे.

म्हणून त्याला तीन सवयी लावायला सांगा. आकडा मोठ्याने वाचायचा आणि समोरच्याने तो परत म्हणेपर्यंत थांबायचं. ४७ आणि ७४ यांची अदलाबदल थकलेल्या माणसाकडून पहाटे चार वाजता होते, हुशारीचा त्याच्याशी संबंध नाही. मोजलेलं दुसऱ्या साधनाने पुन्हा मोजायचं, त्याच साधनाने नाही. माझ्यासारखं तीनदा होकायंत्र बघून काही साधत नाही. आणि चूक सापडली की ती आपली आहे का हे आधी बघायचं, मग तोफेची.

सुट्टीवर आला की त्याला रात्री अंगणात न्या. चांदवडला आकाश अजून काळंभोर असतं. उत्तरेला हात लांब करून क्षितिजावर एक मूठ ठेवायची, तिच्यावर दुसरी. दोन मुठींवर, म्हणजे सुमारे २० अंशांवर, ध्रुवतारा दिसेल. तो अढळ आहे असं तुम्ही त्याला लहानपणी गोष्टीत सांगितलं असेल. आता त्याला विचारा, खरंच अढळ आहे का? तो नेमक्या उत्तरेपासून थोडा बाजूला असतो आणि चोवीस तासांत एक छोटी फेरी मारतो. ती फेरी धरली नाही तर दिशेत दहा-बारा मिलपर्यंत फरक पडतो, आणि दहा किलोमीटरवर गोळा शंभर मीटर बाजूला जातो. ही दुरुस्ती पंचांगासारख्या कोष्टकात तारीख आणि वेळ बघून काढतात. ती कशी काढायची हे त्याला सेंटरमध्ये शिकवतील. त्याने शिकून आल्यावर तुम्हाला ती करून दाखवली तर मला पत्राने जरूर कळवा.